सांगून विकलेला माल

मी कोणालाही फसवलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेले कित्येक दिवस मी ज्याला त्याला हेच सांगत सुटलेय, आणि ऐकणारा माझ्याकडे असा बघतो की या बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना.

मी सरिता गायधनी, राहणार सिडको, नाशिक. नवरा अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. मुलगी पूजा, बावीस वर्षांची. आणि मी घरातून पर्स विकते. विकत होते म्हणा. घड्याळं, बेल्ट, चपलाही असायच्या, पण खरी मागणी बदामवालीला. कुठल्याशा परदेशी कंपनीची पर्स. नाव घ्यायला माझी जीभ वळत नाही. पुढच्या बाजूला पितळेचा छोटा बदाम असतो, म्हणून आम्ही सगळ्या बायका तिला बदामवालीच म्हणायचो. मॉलमधली तिची किंमत ऐकून मी एकदा तिथल्या तिथे बाकावर बसले होते. माझा मावसभाऊ हर्षल मुंबईहून गठ्ठे आणायचा आणि नांदगावला जाता जाता दोन माझ्याकडे टाकायचा. तीच पर्स, तोच बदाम, तीच साखळी. फक्त खरी नाही. फर्स्ट कॉपी.

आता नीट ऐका, कारण इथंच सगळे माझ्यावर डोळे वटारतात. मी माहेरची येवल्याची. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, हातमागावर बसायचे आणि पुढच्या खोलीत छोटं दुकानही होतं. दुकानात हातमागाची पैठणी असायची आणि सेमीही असायची. सेमी म्हणजे मशीनवरची. दिसायला तीच, पदरावर मोर तेच, किंमत मात्र पार खाली. दादा साडीची घडी उलगडायच्या आधी गिऱ्हाइकाला सांगायचे, "ताई, ही सेमी आहे बरं का, मागाहून म्हणाल सांगितलं नाही." एवढं बोलले की ते मोकळे. आमच्याच गल्लीत एक जण सेमीला हातमागाची म्हणून खपवायचा. त्याच्या घरचं दादा पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. त्यामुळे लहानपणापासून माझ्या डोक्यात एकच बसलेलं. नकली विकण्यात पाप नाही, नकलीला खरं म्हणण्यात आहे.

म्हणून मी सांगायचे. प्रत्येकीला, प्रत्येक वेळी. मला मोबाइलवर टाइप करायचा भारी कंटाळा, तेव्हा गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर बोलूनच टाकायचे. "बायांनो, नवीन माल आलाय, बदामवाली, फर्स्ट कॉपी आहे, खोटं बोलणार नाही, पण शिलाई बघाल तर बघत राहाल." फोटो पूजा काढायची. गच्चीवर ऊन चांगलं येतं, तिथं चादर अंथरून, पर्स मांडून. खाली दोन ओळीही तीच लिहायची. दोन वर्षं हे असं चाललं होतं.

पूजा पोलीस भरतीच्या मागे लागलेली. तिसऱ्यांदा. रोज सकाळी मैदानावर आठशे मीटर, मग गोळाफेक, दुपारी लेखीचा अभ्यास. या खेपेला निवड यादीत नाव आलं तेव्हा आमचे हे, जे कधी कोणासमोर हसत नाहीत, त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. आता राहिलं होतं मेडिकल आणि चारित्र्य पडताळणी. आपल्यावर गुन्हा दाखल आहे काय, असा एक रकाना असतो त्या फॉर्मात. तिनं झोकात 'नाही' लिहिलं होतं.

तेव्हाच ती मला म्हणाली, "आई, आता हे पर्सचं बंद कर."

"का? चोरी करते का मी? सांगून विकते."

"तरी पण."

"तरी पण काय? संक्रांत होऊ दे, मग बघू."

ही संक्रांत नडली मला.

दरवर्षी मी हळदीकुंकवाला वाण म्हणून काय लुटायचे? प्लॅस्टिकचा डबा, नाहीतर गाळणी. यंदा पोरीची निवड झालेली, म्हटलं हात आखडायचा नाही. हर्षलकडून बदामाची छोटी पाकिटं मागवली, चिल्लर ठेवायची. चाळीस. बायका नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्यात एक अनोळखी होती, पस्तिशीची, मोहरी रंगाची साडी, गोड चेहऱ्याची. म्हणाली, "बी विंगला नवीन आलोय आम्ही." आता हळदीकुंकवाला दारात आलेल्या बाईला कोणी आधार कार्ड विचारतं का? मी तिला हळद लावली, कुंकू लावलं, अत्तर लावलं, बोरं-गाजर-हरभऱ्यानं तिची ओटी भरली. तिळगूळ दिला. वाण हातात घेऊन ती म्हणाली, "अय्या, ही ओरिजनल आहे हो?"

"छे हो," मी म्हटलं, "फर्स्ट कॉपी. मोठी पर्सही आहे माझ्याकडे, पण तीही कॉपीच. आपलं काम स्वच्छ असतं."

ती हसली. "सांगूनच टाकता?"

"म्हणजे काय! तुम्हाला ग्रुपला घेते."

आणि घेतलं. तीन दिवसांनी तिनं एक मोठी पर्सही नेली.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी मी भाजी निवडत बसले होते. बेल वाजली. दारात एक फौजदार, एक लेडी कॉन्स्टेबल, दोन पंच आणि कोट घातलेला एक हडकुळा माणूस. मी पदर सावरतेय तोवर फौजदारांनी विचारलं, "पूजा गायधनी कोण?"

सरिता नाही. पूजा.

मला तत्क्षणी आठवलं. ग्रुपचं सिमकार्ड घ्यायला गेलो तेव्हा मशीनवर माझा अंगठाच उमटेना. भांडी घासून घासून ठसे गेलेत माझे, रेशन दुकानातही हीच बोंब. दुकानदार वैतागला, म्हणाला, मुलीच्या नावावर घ्या, काय फरक पडतो. पूजानं अंगठा लावला. नंबर माझा, नाव तिचं.

दिवाणाखालची खोकी निघाली, कपाटावरची निघाली. पंच मोजत होते, फौजदार लिहून घेत होते. देवघराशेजारी वाणातली उरलेली पाच पाकिटं होती, तीही उचलली. मग त्या कोटवाल्यानं आपल्या बॅगेतून एक पारदर्शक पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत माझंच वाण. बदामावर कुंकवाचं बोट तसंच उमटलेलं.

"हे कुठून आलं तुमच्याकडे?" मी विचारलं.

"आमच्या कंपनीच्या प्रतिनिधी आल्या होत्या. जानेवारीत."

माझं टाळकंच सरकलं. "प्रतिनिधी? अहो, ओटी भरलीय मी तिची! माझ्या हातचं कुंकू लावून गेली ती मेली! लाज नाही वाटली? गोड बोला म्हणून तिळगूळ खाल्ला आणि इथून थेट..."

"ताई, शांत व्हा," फौजदार म्हणाले.

"शांत डोंबलाची! साहेब, मी प्रत्येकीला सांगितलंय फर्स्ट कॉपी आहे म्हणून. विचारा कोणालाही. तिलाही सांगितलं. अख्खा ग्रुप साक्षीला आहे!"

कोटवाल्यानं हळूच विचारलं, "म्हणजे माल नकली आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"अहो म्हणजे काय! माहीत असल्याशिवाय सांगेन का?"

फौजदारांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, कीव आल्यासारखं. लेडी कॉन्स्टेबल भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली. मला तेव्हाही कळलं नाही मी काय बोलले ते.

फोन स्क्रीन बदलायला दुकानात टाकलेला होता. म्हणून नोटीस दिली. सोमवारी अकरा वाजता मायलेकींनी फोन घेऊन चौकीत हजर राहायचं.

समोरच्या बिल्डिंगमध्ये रुखसार शेख म्हणून एक वकील राहते, माझी जुनी गिऱ्हाईक. संध्याकाळी तिच्याकडे धावले. तिनं सगळं ऐकलं आणि बोलायच्या आधी खुर्चीला अडकवलेली आपली पर्स उचलून टेबलाखाली ठेवली. तिच्यावरही बदाम होताच.

"काकू, गिऱ्हाइकाची फसवणूक तुम्ही नाही केलीत, मान्य. पण तो बदाम गिऱ्हाइकाचा नाहीच ना. तो कंपनीचा आहे, नोंदलेला. त्यांच्या परवानगीशिवाय तो लावलेला माल विकायला ठेवला की गुन्हा. सांगून विका नाहीतर न सांगता विका."

"मग येवल्यात सेमी विकतात ते?"

"सेमी सेमीच्या नावानं विकतात. दादांनी सेमीला हातमागाचा सरकारी शिक्का मारला असता का कधी?"

दादांनी हात तोडून घेतला असता.

"कायद्यात सुटायला एक बारीकशी फट आहे," रुखसार म्हणाली. "मी खबरदारी घेतली होती, माल नकली असेल अशी शंका यायला मला काही कारणच नव्हतं, हे दाखवता आलं तर. तुम्ही तर दोन वर्षं रोज ओरडून सांगताय की नकली आहे. तुमचा तो शब्दच पुरावा आहे, काकू. फर्स्ट कॉपी."

"शिक्षा काय असते?"

"सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, दंड वेगळा. पहिलाच गुन्हा, घरगुती विक्री, कोर्ट कमी करू शकतं. ते आपण लढू."

"माझं राहू दे. पूजा?"

रुखसारनं नोटीस पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "तक्रारीत अजून फक्त नंबर आहे आणि तो तिच्या नावावर आहे. सोमवारी जबाब होतील. धंदा कोणाचा होता आणि तिला काय माहीत होतं, यावर ठरेल. एकदा आरोपी म्हणून नाव चढलं की पडताळणीत अडकलं. निर्दोष सुटेपर्यंत वर्षं जातात. आणि एक ऐका. फोनमधलं काही उडवायचं नाही. पुरावा नष्ट केल्याचं अजून एक कलम लागेल."

त्यानंतरचे तीन दिवस मी एका जागी बसले असेन तर शपथ. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. दूध दोनदा उतू गेलं. खालून मोटारसायकल गेली तरी खिडकीशी धाव. हर्षलचा फोन बंद. बायकांनी पटापट ग्रुप सोडला. ज्या सुलाबाईनं माझ्याकडून पाच पर्स नेल्या, ती जिन्यात समोर आली तर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हात्तिच्या, म्हटलं, हिला काय होणार होतं? पर्स वापरणाऱ्याला कोण धरतंय?

शनिवारी फोन दुरुस्त होऊन आला तसे आमचे हे म्हणाले, "आण इकडे, सगळं उडवतो. नसती ब्याद."

"रुखसार नको म्हणालीय."

"तिचं काय जातं? पोरीचं वाटोळं होतंय इथं!"

मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले आणि कडी लावली. ऐकायला बसले. माझेच मेसेज, पहिल्यापासून. माझाच आवाज, किती ठसक्यातला. "फर्स्ट कॉपी आहे गं, सांगून ठेवते." "खरी घ्यायची तर मॉलला जा, माझ्याकडे कॉपीच." "काकू, नकलीच आहे, पण नकलीत एक नंबर." ऐकता ऐकता मला स्वतःची चीड आली. गप्प बसता येत नव्हतं का भवाने? पण बाहेर हे दार वाजवत होते आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट स्वच्छ झाली. यातल्या एकाही मेसेजमध्ये पूजाचा आवाज नव्हता. कागदावर नाव तिचं, पण धंदा करणारं तोंड माझं होतं आणि ते याच फोनमध्ये होतं. हे उडवलं तर उरतं फक्त सिमकार्ड. मी कडी काढली, फोन ब्लाउजमध्ये खोचला आणि म्हटलं, "हात लावलात तर याद राखा."

राहिले होते ते फोटो. कोणी काढले ते फोटोवर लिहिलेलं नसतं. पण पूजाच्या तोंडावर कुलूप नव्हतं ना.

रविवारी दुपारी ती गच्चीवर होती. गोधड्या वाळत घातल्या होत्या आणि ही त्यांच्या मधून या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत येरझाऱ्या घालत होती.

"पूजा, उद्या तू म्हणायचं, मला काही माहीत नाही."

"आई, फोटो मी काढलेत. खाली फर्स्ट कॉपी मी लिहिलंय."

"ते मी लिहिलं. माझा फोन, माझा ग्रुप."

"विचारलं तर मी खरं सांगणार." ती थांबली. "मी कशात भरती होतेय, कळतंय ना तुला? आणि लहानपणापासून कोण सांगत आलंय, काहीही कर पण खोटं बोलून पैसा नको? दादाआजोबांचं उदाहरण देऊन देऊन कान किटवलेस माझे."

"तेव्हाचं तेव्हा."

"आणि मी बंद कर म्हटलं होतं."

म्हटलं होतं. तीन वर्षं पहाटे उठून पळालेली पोर. पायाच्या अंगठ्याचं नख दोनदा काळं पडून गळलं तिचं. आणि मी म्हटलं होतं, संक्रांत होऊ दे. मी सरळ खाली वाकले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई! काय करतेस! ऊठ! पाप लागेल मला!"

"लागू दे. हो म्हण, मगच उठते."

ती रडायला लागली, मला काखेत धरून ओढायला लागली. मी हलले नाही. कोणती आई लेकीच्या पाया पडते? पण मला त्या क्षणी लाजबीज काही वाटली नाही, फक्त ती हो म्हणायला हवी होती. शेवटी म्हणाली, "बरं. बरं! ऊठ आता."

सोमवारी रुखसार आमच्याबरोबर आली. फौजदारांनी फोन घेतला, दोन-चार मेसेज वाजवले. चौकीभर माझा आवाज घुमला. बाकावर बसलेला एक जण फिसकन हसला.

"हा आवाज कोणाचा?"

"माझा. सगळे माझेच आहेत. माल माझा, विक्री माझी. सिम तेवढं तिच्या नावावर, माझा अंगठा उमटत नाही म्हणून. बघा हवं तर." मी दोन्ही हात पुढे केले. रुखसारनं माझ्या दंडाला हात लावला, हळू बोला म्हणून. पण मला घाई झाली होती, कोणी मध्येच अडवेल असं वाटत होतं.

"माल नकली आहे हे माहीत होतं?"

"हो."

"मुलीला?"

"नाही साहेब. तिला मी ओरिजनल सांगितलं होतं. कंपनीचा जुना स्टॉक आहे म्हणून. तिचा यात काडीचा संबंध नाही. तिला फोटोचं माहीत नाही, मालाचं माहीत नाही, काहीच नाही."

इतकं सफाईनं निघालं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं. फौजदार लिहीत गेले. मग पूजाकडे वळले. "तू भरतीत आहेस ना? कळलं मला. सांग, आई म्हणतेय ते बरोबर?"

पूजानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही, टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिले. देवा, हिला आत्ता बोलू देऊ नको, एवढंच मनात चाललेलं.

"हो," ती म्हणाली.

तिचा जबाब वेगळा लिहिला. हवालदारानं वाचून दाखवला. "सदर मालाबाबत मला काहीएक माहिती नव्हती. बरोबर? कर सही."

तिनं पेन घेतलं आणि नुसतीच धरून बसली. हवालदारानं बोटानं जागा दाखवली, त्याला वाटलं सापडत नाहीये. मग तिनं सही केली. पूर्ण नाव, सुवाच्य अक्षरात, फॉर्मावर करते तशीच.

फौजदारांनी कागद ओढून घेतला. "हिचं नाव आरोपीत येणार नाही. साक्षीदार राहील. गायधनीताई, तुमच्यावर आरोपपत्र जाईल, तारखा पडतील, शहर सोडून जायचं तर कळवायचं." मी हो हो म्हणाले. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. पाहिजे होतं ते मिळालं होतं. दोन वर्षं मी नकली माल विकला, पण कोणालाही खोटं सांगून काही गळ्यात मारलं नव्हतं. त्या दिवशी मारलं, आणि त्यावर सही पोरीची घेतली.

रुखसार कोर्टाच्या कामाला निघून गेली. आम्ही दोघी बाहेर रस्त्यावर आलो. ऊन चढलं होतं. मी पूजाच्या पाठीवर हात ठेवला. "सुटलीस बाई. आता मेडिकल नीट होऊ दे. घरी जाऊन शिरा करते."

तिनं पाठ बाजूला केली. जोरात नाही, जराशीच.

"आई, उद्या खाकी घालून मीच बसणार आहे त्या टेबलामागे. समोरच्या बाईला म्हणणार, खरं सांगा."

"अगं, सगळेच..."

"तू रिक्षानं जा. मी मागून येते."

"दोघी जाऊ की. एकाच घरी जायचंय."

"नको. मला आत्ता तुझ्याकडे बघवत नाहीये," ती म्हणाली.

मी हात करून रिक्षा थांबवली.